वहिनींनी राखलेली विहीर

लग्न होऊन मी दादरहून गिरगावात आले तेव्हा माझ्या सासूबाईंना सगळेच 'वहिनी' म्हणत. धाकटे दीर म्हणत म्हणून पुतणे म्हणू लागले, पुतण्यांचं ऐकून पोटची मुलंही म्हणू लागली, आणि वाडीच्या तर त्या कधीपासूनच वहिनी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आई म्हणायला तुझी आई आहे दादरला. तू मला वहिनीच म्हण."

वाडी म्हणजे दुमजली चाळी तिन्ही बाजूंनी, चौथ्या बाजूला रस्त्यावर उघडणारं लाकडी फाटक, मधे फरसबंद चौक. चौकाच्या एका कडेला विहीर आणि विहिरीला लागून दोन माड. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर, विहिरीच्या अगदी समोर. दादरला माझ्या माहेरी ब्लॉकमध्ये नळ होते. इथेही नळ होता, पण सकाळी येणार तेवढंच पाणी. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं विहिरीवर.

माझ्या सासरी मासळीशिवाय जेवण नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी बोंबील धुऊन ते पाणी मोरीत ओतायला गेले, तर वहिनींनी हात धरला. "अगं, ते माडाचं. माडाला दे." तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, चुलीतली राख भांड्यांना, नारळाची शेंडी भांडी घासायला, करवंटी बंबात. जुन्या धोतराचे आधी पंचे, मग पायपुसणी, मग कंदिलाच्या काचा पुसायची फडकी होत. मला वाटलं, घर जुन्या वळणाचं आहे, काटकसरीचं आहे. माझ्या माहेरीही काटकसर होतीच. त्यामुळे वहिनींचं मला विशेष काही वाटलं नाही. ते वाटलं पुढे, विहिरीच्या प्रकरणात.

झालं असं की, एका रविवारी घरमालकाचा मेहता भाडं गोळा करायला आला आणि जाताना चौकात उभा राहून म्हणाला, "शेठ ही विहीर बुजवणार आहेत. नळ आला, आता विहिरीचं काम काय? मच्छर होतात नुसते. वर फरशी घालू, शेड उभी करू."

शेड कसली ते त्याने सांगितलं नाही. पण विहीर बुजवायला वाडीतल्या निम्म्या लोकांची ना नव्हती. माझ्या यजमानांचीही नव्हती. ते केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून, नव्या विचारांचे. घरात येऊन म्हणाले, "बरं होईल. शहराच्या मधोमध पोहरा टाकून पाणी काढायचं म्हणजे काय!"

वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि पाणी कुठे जाईल?"

"कुठलं पाणी?"

"विहिरीतलं. माती टाकली म्हणून झरा थोडाच थांबतो? ते बिचारं वाट शोधत बसणार जमिनीखाली." एवढं बोलून त्यांनी पोळी तव्यावर टाकली. पुढच्या खेपेला मेहत्यालाही त्यांनी चौकात अडवून हेच विचारलं, आणि काम तेवढ्यापुरतं लांबलं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारणीची मुलगी तापाने आजारी पडली. हिवताप. दुपार झाली की पोर थडथड उडायची, अंगावर गोधड्या टाकल्या तरी थंडी जात नसे. शेजारीण मालवणकडची, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. एक दिवस ती जिना उतरून आमच्या दारात आली आणि वहिनींना म्हणाली, "तुमची ती लाडकी हीर माझ्या चेडवाक खातली. मेहता बुजवूक बघता तर तुम्ही आड येतास. माझ्या चेडवाचा काय?"

मी घाबरले. वाटलं, आता दोघींची जुंपणार. वहिनी वाडीत कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यांनी शेजारणीला बसवलं, पाणी दिलं. संध्याकाळी पेजेचं भांडं घेऊन वर गेल्या आणि मुलीच्या उशाशी बसून राहिल्या. मुलगी कोयनेलचं औषध घ्यायला तयार नव्हती, कडू म्हणून थुंकून टाकायची. वहिनींनी ते गुळाच्या खड्यात घालून तिला गिळायला लावलं. ताप उतरेपर्यंत रोज त्या वर जात होत्या.

आणि रोज सकाळी विहिरीच्या काठावर ओणवून आत बघत होत्या. मी विचारलं, "काय बघता?"

"ती म्हणते ते खरं आहे का, ते बघते," त्या म्हणाल्या.

मुलगी बरी झाल्यावर वहिनींनी माझ्या यजमानांना म्युनिसिपालिटीच्या मलेरिया खात्यात पाठवलं. ते कुरकुरत गेले. चारेक दिवसांनी खाकी अर्ध्या चड्डीतला एक इन्स्पेक्टर आला. त्याने लांब दांड्याच्या पळीने विहिरीतलं पाणी काढलं आणि पांढऱ्या थाळीत ओतून आम्हा बायकांना दाखवलं. पाण्यात बारीक सुतासारख्या अळ्या वळवळत होत्या. शेजारणीने वहिनींकडे बघितलं. वहिनींचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे बुजवायलाच हवी?" त्यांनी विचारलं.

"बुजवली तर काम सोपं," इन्स्पेक्टर म्हणाला. "नाही तर वर बारीक जाळीचं घट्ट झाकण करा आणि आत मासे सोडा. मासे आमच्याकडून मिळतील. अळ्या खातात ते. पण बाई, तुमच्या विहिरीत मासे ठेवून उपयोग व्हायचा नाही."

"का?"

त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. झेंडूच्या पाकळ्या, तुळशीची पानं, बेल, दूर्वा, सुकलेले हार यांची एक साय पाण्यावर धरली होती. "ह्याच्याखाली अळ्या लपून बसतात. माशांना सापडत नाहीत. हे बंद झालं पाहिजे."

वाडीतल्या साऱ्या घरांचं निर्माल्य विहिरीत जात होतं. देवाची फुलं पायदळी तुडवायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायची. समुद्र दूर नव्हता, पण रोज चौपाटीवर कोण जाणार? म्हणून विहीर. आणि सगळ्यांत जास्त फुलं आमच्या घरची असत, कारण आमचं देवघर मोठं आणि वहिनींना फुलांचा सोस.

इन्स्पेक्टर गेल्यावर वहिनी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिल्या. शेजारीण जवळच उभी होती. वहिनी तिला म्हणाल्या, "तू बोललीस ते बरोबर होतं गं. चूक एवढीच की विहिरीला बोललीस. मला बोलायला हवं होतंस. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी मीच तिला हे भरवतेय."

शेजारीण त्यांच्या बाजूला कठड्यावर टेकली. मग म्हणाली, "आमीय टाकतंव."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी माडाच्या बुंध्याशी स्वतः कुदळीने खड्डा केला आणि पूजा झाल्यावर निर्माल्य त्यात टाकून वर माती ओढली. हे एवढंसं काम, पण वाडीत त्यावरून केवढी चर्चा झाली! शेजारच्या चाळीतल्या एक वृद्ध बाई तर चिडल्याच. "देवाची फुलं मातीत पुरता? मासळीचं पाणी ओतता त्या जागी?"

"मासळीचं पाणी दुसऱ्या माडाला ओततो आता," वहिनी म्हणाल्या. "हा माड देवाचा."

"पण मातीत?"

"फुलं मातीतूनच वर आली ना? आपण त्यांना परत पोचवतोय. विहिरीत ती कुजत होती, ते देवाला आवडत असेल का, तुम्हीच सांगा."

त्या बाई काही लगेच पटल्या नाहीत. महिनाभर त्या आपली फुलं पुडीत बांधून नातवाबरोबर चौपाटीला पाठवत होत्या. नंतर नातवाने कंटाळा केला असावा, कारण एका सकाळी त्या मुकाट्याने येऊन माडाखाली माती उकरताना मला दिसल्या. मी दाराआड झाले, त्यांना संकोच नको म्हणून.

विहीर उपसायची ठरली तेव्हा मात्र सगळी वाडी लोटली. वाडीतली तालमीत जाणारी तरुण मंडळी दोराला लागली. पाणी खाली गेल्यावर दोघेजण आत उतरले आणि गाळाच्या बादल्या वर येऊ लागल्या. काळाकुट्ट, चिकट गाळ. त्या गाळात काय काय निघालं! एक तांब्याची कळशी निघाली, ती आपल्या सासूची म्हणून दोन घरांनी हक्क सांगितला. क्रिकेटचे चेंडू निघाले, चमचे निघाले, कुणाच्या बाळाचं चांदीचं वाळं निघालं. सगळा गाळ वहिनींनी फेकू दिला नाही. "हे सोनं आहे," म्हणाल्या. तो कडेला वाळवून कुंड्यांत आणि माडांच्या आळ्यांत घातला. पुढच्या वर्षी वाडीतल्या गॅलऱ्यांतून जी अबोली फुलली, तशी मी नंतर कुठे पाहिली नाही.

तळाशी झरा मोकळा झाला तेव्हा आत उतरलेला एकजण ओरडला, "वहिनी, पाणी येतंय! थंडगार!" तेव्हा वहिनी काठावर उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, पण मी बघतेय हे लक्षात आल्यावर मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पोरांना चहा टाक."

मासे आले ते रॉकेलच्या धुतलेल्या डब्यातून. नखाएवढे, करडे, नुसती शेपटी हलताना दिसत. आमच्या घरात मासा हा प्राणी तोवर फक्त कढईत पाहिलेला. सासरे गमतीने म्हणाले, "इतके बारीक? ह्यांचं आमटीत काही लागायचं नाही." वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर उघडून बसले. सुताराने सागवानी चौकटीत जाळी ठोकून झाकण केलं. पोहरा सोडण्यापुरती एक खिडकी ठेवली. पोहरा काढला की खिडकी लावायची, हा वाडीचा नियम झाला आणि तो मोडणाऱ्याला वहिनींचा आवाज तिसऱ्या चाळीपर्यंत ऐकू जाई. इन्स्पेक्टर पुन्हा येऊन पळीने पाणी काढून गेला. थाळीत एकही अळी सापडली नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. वाडीत दुसरा विषय नसे. रस्त्यावरून मोर्चे जात, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही आरोळी आमच्या मोरीपर्यंत ऐकू येई. माझे यजमान सरकारी नोकर म्हणून उघड सभांना जात नसत. 'जरा फिरून येतो' म्हणून बाहेर पडत आणि घसा बसवून परत येत. वहिनी त्यांना गरम पाणी आणि मीठ देत आणि म्हणत, "बरंच फिरलास वाटतं."

मग हरताळ झाले, गोळीबार झाले. आमच्या आसपासच्या गल्ल्यांतली माणसं गेली. त्यांतल्या एकाला मी रोज दूध केंद्रावर पाहत असे, त्याचं नावही मला माहीत नव्हतं. त्या दिवसांबद्दल हलक्या शब्दांत लिहिता येत नाही. मी फक्त आमच्या चौकात घडलं ते सांगते.

दुपारची वेळ होती. हमरस्त्यावर मोठा जमाव होता आणि आम्ही बायका फाटक लावून आत बसलो होतो. एकाएकी फटाफट आवाज झाले, पळापळ ऐकू आली आणि थोड्याच वेळात चौकातही डोळे चुरचुरायला लागले. अश्रुधूर सोडला होता. बाहेरून फाटकावर थापा पडू लागल्या. "उघडा! उघडा हो!"

कुणीतरी म्हणालं, उघडू नका, मागून पोलीस शिरतील. वहिनी उठल्या आणि त्यांनी आडणा काढला. पोरंच पोरं आत शिरली. गिरणीतले, कॉलेजातले, एक पोस्टमन होता, एक म्हातारे गृहस्थ होते त्यांच्या हातात भाजीची पिशवी तशीच. सगळ्यांचे डोळे लाल, कुणाला दिसत नव्हतं, कुणी जमिनीवर बसून डोळे चोळत होतं.

"चोळू नका!" वहिनी ओरडल्या. "कुणी डोळे चोळू नका. विहिरीवर या."

घराघरांतली पिंपं बघता बघता रिकामी झाली. नळाला पाणी यायला दुसरा दिवस उजाडायचा होता. पण विहीर होती. वहिनींनी दोर धरला. त्यांच्यासमोर दोराला दुसरा हात लागला तो वरच्या शेजारणीचा. दोघी पोहरा ओढत होत्या आणि आम्ही बाकीच्या तांब्यांनी पोरांच्या डोळ्यांवर पाणी मारत होतो, ओली फडकी करून देत होतो. पोहऱ्यामागून पोहरे. वहिनींच्या तळहातांची सालटी गेली, तरी त्या कुणाला दोर देईनात.

मधेच त्यांनी पोहरा कठड्यावर ठेवला आणि आत वाकून बघू लागल्या. एक धट्टाकट्टा तरुण डोळे मिटून, ओंजळ पुढे करून उभा होता. "आजी, लवकर करा हो, डोळे फुटतायत!"

"थांब रे राजा. आधी ह्याला परत सोडू दे." पोहऱ्यात एक मासा आला होता. वहिनींनी तो तांब्यात घेतला, खिडकीतून हळूच विहिरीत सोडला आणि मग त्या तरुणाच्या तोंडावर पाणी मारलं. त्याने डोळे उघडले, विचारलं, "काय सोडलंत?"

"मासा."

त्याने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. मग हसायला लागला. त्याचं बघून त्याच्या शेजारचा हसला. बाहेर रस्त्यावर धावपळ, आरडाओरडा चालू होता, आणि आत लाल डोळ्यांची ती सगळी पोरं एका माशावरून हसत होती. शेजारीणही हसली, पदराने डोळे पुसत. धुराने की कशाने, कोण जाणे.

अंधार पडायच्या आत मागच्या गल्लीतून सगळे एकेक करून घरी गेले. वहिनींच्या हातांना मी खोबरेल तेल लावलं. त्या म्हणाल्या, "पाणी किती खाली गेलंय, बघून ये गं." मी बघून आले. फारसं गेलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि लगेच झोप लागली त्यांना.

पुढे वातावरण निवळल्यावर मेहता पुन्हा आला. विहिरीचं झाकण त्याने उचलून पाहिलं, नाखूश झाला. "शेठनी सांगितलंय, बुजवायची." वहिनी काही बोलायच्या आत वरच्या गॅलरीतून शेजारीण कडाडली, "कोण तो बुजवतलो? माका येऊन सांगूक सांग!" तिच्यामागोमाग इतर गॅलऱ्यांतूनही माणसं बाहेर आली. फुलांवरून रागावलेल्या त्या वृद्ध बाईही काठी टेकत चौकात येऊन उभ्या राहिल्या. मेहता शहाणा होता. तो म्हणाला, "मी काय, निरोप्या," आणि गेला. विहिरीची गोष्ट परत निघाली नाही. विहीर अजून आहे, असं वाडीतले जुने लोक सांगतात. झाकण आता लोखंडी आहे म्हणे.

पर्यावरण हा शब्द त्या काळी आमच्या कानांवरून गेला नव्हता. आता तो शाळेतल्या पुस्तकात आहे, नातवंडं त्यावर निबंध लिहितात आणि मला विचारतात, "तुमच्या वेळी प्लास्टिक नव्हतं, म्हणजे सगळं छानच असेल ना?" मी त्यांना सांगते, सगळं छान नव्हतं. आम्हीही घाण करत होतो, आणि भक्तिभावाने करत होतो. राख, करवंट्या, धोतराची फडकी हे तर घरोघर होतं, त्यात वहिनींचं वेगळेपण काही नाही. त्यांचं वेगळेपण मला दिसलं ते त्या कठड्यावर बसल्या तेव्हा. ज्या वस्तूसाठी भांडायला निघालो तिला आपणच बिघडवतोय, हे समजल्यावर त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन उठल्या. जन्मभराची सवय, तीही देवाधर्माची, एका दिवसात बदलणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. मला स्वतःला ते अजून साधलेलं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवते, यापलीकडे माझी मजल गेली नाही.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर काही वर्षांनी यजमानांना अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर मिळालं. आम्ही वाडी सोडली. सासरे तोवर गेले होते. मला वहिनींची काळजी वाटत होती. तिथे ना चौक, ना विहीर, ना माड. तिसरा मजला आणि सिमेंटचा जिना. ह्या वयात त्यांचा जीव कशात रमणार?

सामान लावून होतं न होतं तोच त्या कुठेतरी दिसेनाशा झाल्या. मी खाली शोधायला गेले. इमारतीच्या मागच्या बाजूला गच्चीवरच्या टाकीचं जादा पाणी एका पाइपातून खाली पडत होतं आणि टेकडीच्या उताराने गटारात जात होतं. तिथे वहिनी लुगडं वर खोचून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तळमजल्यावरच्या एक पंजाबी बाई होत्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. वहिनी हाताने दाखवत होत्या, पाणी असं वळवायचं, इथे केळ लावायची, तिथे अळू. पंजाबी बाई मान हलवत म्हणत होत्या, "पर माताजी, ये जमीन तो सरकार की है."

"हां हां," वहिनी म्हणाल्या. "सरकार को भी देगा केला." मग माझ्याकडे वळल्या. "बरी आलीस. कुदळ कुठल्या पेटाऱ्यात भरलीयेस?"